मनगटावरचे वळ

एक्स-रेसाठी थांबलो होतो. शेजारच्या बाकावर बहीण-भाऊ होते. भावाला घेऊन आलेला व्यसनमुक्ती केंद्राचा माणूस पाणी प्यायला गेला, तशी बहीण हळूच बोलू लागली.

"बाथरूममध्ये पडलास म्हणे."

"हो."

"मग दोन्ही मनगटांवर वळ कसले?"

"ताई, हळू बोल. तो येईल."

"बांधतात तुला?"

"खिडकीच्या गजाला. अंग तडफडायला लागलं की बांधून ठेवतात. ओरडलं की मारतात."

"फोनवर तर मजेत आहे म्हणायचास."

"फोन स्पीकरवर असायचा, ताई. तो समोर बसलेला असायचा."

"आज घरी चल माझ्याबरोबर."

"बाबा परत आणून सोडतील. मागे पळून आलो, तेव्हा त्यांनीच सोडलं ना. त्या रात्री काय झालं, ते मी तुला नाही सांगू शकत."

"बाबांचं मी बघते."

"गप्प बस. आला तो."

"काय चाललंय बहीण-भावाचं?"

"काही नाही, सर. माझी तब्येत सुधारली म्हणतेय."

आतून भावाचा नंबर पुकारला.

"ऊठ रे. मी येते तुझ्याबरोबर."

तो जागचा हलला नाही.

"सर, उठू का?"