गुरुवारचा बाजार आणि मागचं दार

...आणि वर मलाच विचारतात, बाजार का मोडला म्हणून. अहो, माणसं येत नव्हती म्हणून मोडला असता तर मी वर तोंड करून सांगितलं असतं, की गाव मागासलेलं आहे, काय करणार. पण तुम्हाला सांगतो, माळनाक्याच्या पलीकडे त्या उघड्या कातळावर, जिथं एरवी गुरंसुद्धा थांबत नाहीत, तिथं दर गुरुवारी अर्धी रत्नागिरी लोटत होती. गर्दी मात्र झाली, हं. ती कोणी नाकारू नये.

मी वाईट काय केलं ते तरी सांगा. नागपुरास शेतकी कॉलेजात शिकलो, तिकडे पाहिलं, शेतकरी आपला माल आपण मांडतो, मान वर करून भाव सांगतो, लोक त्याच्याकडे चालत येतात. आणि इथं घरी येऊन बघतो तर काय, पोमेंडीची सखू डोक्यावर भाजीचा हारा घेऊन उन्हातून चालत येते, आमच्या मागच्या दारी पायरीवर बसते, आणि आमची आई एका दुध्यासाठी तिच्याशी अर्धी सकाळ बोलत राहते! मी म्हटलं, आई, ही कष्टकरी बाई आहे, हिचा वेळ म्हणजे हिची मजुरी. आई म्हणाली, "तू पुढे ओटीवर जाऊन बस बघू." सखू पदर तोंडाला लावून हसली. त्याच दिवशी मी ठरवलं, की या बायकांना मागच्या दारातून उठवायचं आणि सन्मानानं बसवायचं.

आता सन्मानानं म्हणजे कुठं? तर कातळावर. स्वच्छ जागा, चिखल नाही, मोकळी हवा. सावली नाही, हे मार्गशीर्षात लक्षात येत नाही... ते जाऊ द्या. मी गावोगाव हिंडलो, भाषणं केली, नियम केले. भाव एकच, घासाघीस नाही. दारोदार फिरायचं नाही. आणि बाजारात भाजीखेरीज दुसरं बोलायचं नाही, खासगी गोष्टींत वेळ घालवायचा नाही. हा शेवटचा नियम माझा विशेष लाडका होता.

पहिल्या गुरुवारी पोमेंडीचा महिपत म्हणाला, "भाऊनू, नारळ फोडूया. गाऱ्हानं घातल्याबिगर सुरवात नको." देवळात गाऱ्हाणी घालणारा माणूस तो. माझा विश्वास नाही, पण म्हटलं, लोकांना बरं वाटेल. तर हा बाबा नारळ हातात धरून डोळे मिटून लागला बोलायला, "बा म्हाराजा, ह्या भाऊंनी आज बाजार मांडल्यानी हाय, त्याला यश दे. आनि आजपासून जो कोन हारा घेऊन कोनाच्या मागल्या दारी जायल, त्याचा वाफा सुकव रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीसुद्धा म्हणालो. आता सगळे म्हणतायत आणि आपण एकटे गप्प, हे बरं दिसतं का? उलट मला वाटलं, माझ्या नियमाला फुकटचा पहारेकरी मिळाला.

आणि मग गर्दी... वकील आले, मास्तर आले, पेन्शनर रावजी तर छत्री घेऊन सर्वांत आधी. प्रत्येकानं माझी पाठ थोपटली. "वा, काय वांगी आहेत. स्तुत्य उपक्रम." म्हटलं, घ्या की मग. "मी? अहो, मी वांगी हातात घेऊन भर रस्त्यानं जाऊ?" घरच्या बायका बाजारात यायच्या नाहीत आणि पुरुष भाजी हातात धरायचे नाहीत, हे मला नागपुरात कोणी शिकवलं नव्हतं. मंडळी यायची, माठाची जुडी निरखायची, स्वराज्यावर बोलायची, आणि हात हलवत घरी जाऊन कुळथाचं पिठलं जेवायची. पण गर्दी झाली, हं.

भाजी हातात धरून जाणारा मी एकटा. घरी जाऊन आईपुढे मुळे ठेवायचो. आई विचारायची, "सखू काय म्हणाली?" मी सांगायचो, "मुळे ताजे आहेत म्हणाली." "आणि?" "आणि भाव एकच म्हणाली." आई मुळ्यांकडे बघत राहायची. मला वाटायचं, मुळेच आवडले नसतील.

आता हे सांगितलंच पाहिजे, की माझी धाकटी बहीण सावित्री पोमेंडीसच दिलेली आहे. सासर कडक, तिला लिहितावाचता येत नाही, आणि लेकीच्या घरी आई उठसूट जात नाही. तेव्हा सावित्रीचं हसणं-रडणं, खाणं-पिणं सगळं त्या हाऱ्यातून आमच्याकडे यायचं, दुध्याच्या खाली. मला काय माहीत? मी ओटीवर बसत होतो.

तर एका गुरुवारी सखू मला म्हणते, "दादानू, तुमच्या भयनीनं सांगितल्यान हाय..." आणि माझ्या भोवती वकील, मास्तर, रावजी. मी म्हटलं, सखू, नियम काय आहे? ती पुन्हा जुड्या लावू लागली. रावजी म्हणाले, "शिस्त म्हणजे शिस्त." मला किती बरं वाटलं म्हणता... पुढच्या गुरुवारी मीच जरा बाजूला होऊन विचारलं, काय गं, सावित्री बरी आहे ना? तर सखू ताठ बसून म्हणाली, "बाजारात खासगी बोलायचा नाय." मी सर्वांना हाक मारून म्हटलं, बघा, ही खरी कार्यकर्ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सखू लाजली. आम्ही दोघंही त्या दिवशी फार खूश होतो हो.

आणि मग फाल्गुनात पोमेंडीहून गडी साखर घेऊन आला. सावित्रीला मुलगा झाला. आई एकदम उभी राहिली. "झाला? तिथंच झाला?" पहिलं बाळंतपण, माहेरी व्हायचं. आईनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, बाजेची दोरी आवळून घेतली होती, कधी न्यायचं त्या निरोपाचीच तेवढी वाट बघत होती. गडी म्हणाला, "वयनींनी सखूजवळ सांगून धाडलेलं की, भावाला सातव्यातच न्यायला पाठवा. आठवा लागला की ही मंडळी सोडायची न्हाईत. मग कोनी आलाच नाय." आईनं माझ्याकडे पाहिलं. साखर तेवढी डब्यात ओतली.

मी तसाच पोमेंडीस सखूकडे गेलो. म्हटलं, घरी येऊन सांगायचंस ना. ती म्हणाली, "हारा घेऊन येऊ तर वाफा सुकंल. बिनहाऱ्याची येऊ तर तुमची आई इचारंल, आज रिकामी कशाला आलीस, कायतरी वायट झाला काय. तिला घाबरवू?" तिथून सावित्रीच्या सासरी गेलो. अहो, ती आत बाजेवर निजलेली, मला बघून म्हणाली, "दादा, बाजाराला गर्दी फार होते म्हणे." एवढंच. तोंड भिंतीकडे केलंन.

मग महिपतकडून दुसरं गाऱ्हाणं घालून घेतलं, पहिलं मोडायला. दुसरा नारळ मिळाला म्हणून तो मात्र खुशीत होता. मीच सर्वांत मोठ्यानं म्हणालो, "व्हय म्हाराजा." बाजार संपला. त्या दिवशीसुद्धा गर्दी झाली, हं. मोडताना बघायला.

आता सखू पुन्हा येते मागच्या दारी. दुधी येतो, सावित्री येते, बाळाला दूध पचतं की नाही ते येतं, आणि अर्धी सकाळ जाते. मी पुढे असतो. आई माझ्याशी भांडत नाही, रागावत नाही, पानावर वाढते, पण बोलत नाही. परवा ओटीवर वाचत बसलो होतो, तर सखू घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आली आणि म्हणाली, "दादानू, आईनी सांगितल्यानी हाय, बाळाला बघायला जायचा तर बैलगाडी सांगून ठेवा. आनि जेवायला उठा, भात निवतोय."

भिंतीपलीकडे आई भांडी हलवत होती, मला ऐकू येत होतं.

म्हटलं, "सखू, आईला सांग, आलोच."