पहिले दोन मिली

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या वैद्यकीय अधीक्षक डॉ. दीपिका बोरकुटे मॅडम, मंचावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती प्रेमिला निकुरे सिस्टर, त्यांच्या शेजारी हार सांभाळत अवघडून बसलेले त्यांचे यजमान केवळरामभाऊ, आणि माझ्या सर्व सहकारी बंधू-भगिनींनो,

मी गफ्फार, इथल्या लॅबचा तंत्रज्ञ. मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत, मी सात घेणार. सिस्टरांनी बावीस वर्षांत मला जेवढं ऐकवलं, त्यातून ही दोन वळती करावीत.

दुसऱ्याच्या सत्काराला स्वतःची चूक सांगावी का? मी सांगणार आहे, कारण त्याशिवाय या बाईंचं मोठेपण तुम्हाला कळायचं नाही.

दहा वर्षांपूर्वी लॅबच्या दारावर मी एक कागद चिकटवला होता. ‘सलाईनच्या सुईतून काढलेलं रक्त तपासलं जाणार नाही.’ त्याला कारण होतं. एकदा कुणीतरी घाईत, ग्लुकोजचं सलाईन चालू असतानाच त्या सुईतून रक्त काढून पाठवलं. माझ्या मशीनने साखर दाखवली पाचशे चाळीस, आणि पेशंट खाटेवर बसून मजेत चहा पितोय! इन्सुलिन द्यायचं थोडक्यात टळलं. मी हादरलो, कागद लावला आणि निवांत झालो. प्रत्येक तपासणीला नवीन टोचा. टोचून घेणारा मी थोडाच होतो!

मग सोमारी आली. नऊ वर्षांची, सिकलसेलची. दुखण्याने कळवळणारी, आणि शिरा अशा बारीक की हाताला लागत नव्हत्या. दोन दिवसांत सात टोचे झाले. सलाईनची सुई मात्र हातात नीट बसलेली. तिचे वडील पोचूभाऊ बोडीच्या तळ्यातली मासेमारी सोडून तिच्या उशाशी बसले होते. ते म्हणाले, “पोरगी बिमारीनं नाई, तुमच्या सुयांनं मरन. मी इले घरी नेतो.” अशा अवस्थेत सिकलसेलचं लेकरू घरी नेणं म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

सिस्टर तडक लॅबमध्ये आल्या. “गफ्फारभाऊ, तुमच्या कागदापायी पोरीले सात टोचे झाले. आठवा तुमीच येऊन टोचा.” मग म्हणाल्या, “नाईतर त्याच सुईतून मी काढतो. नीट काढतो.” मी म्हटलं, काढून दाखवा. मनात म्हटलं, फसणारच.

डॉक्टरांना विचारून त्यांनी सलाईन बंद केलं. पूर्ण दोन मिनिटं घड्याळाकडे बघत थांबल्या. वर पट्टा बांधला आणि सिरिंज इतकी हळू ओढली की घाई मलाच झाली. जोरात ओढलं की रक्तपेशी फुटतात आणि तपासणी वाया जाते. पहिले दोन मिली रक्त त्यांनी टाकून द्यायला बाजूला ठेवलं, आणि तिथेच घोळ झाला.

आपल्याकडे सिकलसेलच्या लेकराचा बाप रक्ताच्या एका पिशवीसाठी किती दारं वाजवतो! पोचूभाऊंनी आदल्याच महिन्यात स्वतःचं रक्त देऊन पिशवी मिळवली होती. ते उसळले. “मी रक्त देऊन राह्यलो अन् तुमी फेकून राह्यले? काऊन?” आणि त्यांनी पोरीला उचलायला हात घातला.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, तुम्हाला काय समजतं त्यातलं? सिस्टर तसं म्हणाल्या नाहीत. बाजूला ठेवलेलं रक्त त्यांनी एका नळीत भरलं, नंतरचं दुसरीत, आणि पोचूभाऊंना घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “भाऊ, दोन्ही लावा. बापाच्या डोळ्यासमोर.”

पहिल्या नळीत हिमोग्लोबिन साडेचार. दुसरीत साडेसात. सकाळी सातव्या टोच्याला काढलेल्या रक्तातही साडेसातच आलं होतं.

पोचूभाऊंनी त्या दोन नळ्या शेजारी-शेजारी उजेडात धरल्या. पहिलीत सलाईन मिसळलेलं, म्हणून ती फिकी होती. मग म्हणाले, “म्हंजे बोरिंगचं पयलं पानी. ते प्याच्या पान्याच्या गुंडात कोनी भरते का?” दोन वर्षं प्रशिक्षणात जे मी घोकलं, ते या माणसाने एका दमात सांगून टाकलं. सोमारी थांबली, सहाव्या दिवशी बरी होऊन गेली. कागद मी माझ्या हाताने काढला, आणि मला त्याची लाज वाटली हेही सांगतो.

आज वॉर्डात हीच पद्धत आहे. नवीन सुई बसवतानाच नळ्या भरून घ्यायच्या, नंतर लागलं तर असंच त्याच सुईतून काढायचं. रक्तातले जंतू शोधायच्या कल्चर तपासणीसाठी मात्र वेगळाच टोचा, तिथे सिस्टर कुणाचं ऐकत नाहीत. पूर्वी आठवड्याला दहा-बारा नमुने मी परत पाठवायचो. गेल्या महिन्यात एकच वाया गेला, तोही माझ्या हातून पडून.

आणि गेल्या सोमवारची गोष्ट. सोमारी आता एकोणीस वर्षांची आहे. पूर्वी टोच्याच्या भीतीने सिकलसेलचे पेशंट दुखणं उठल्यावर चौथ्या दिवशी यायचे. ही पहिल्याच दिवशी, एकटी, बसने आली. सलाईन लागल्यावर तिने विचारलं, “बाई, तुमी गेल्यावर माह्यं रक्त कोन काढन?”

सिस्टरांनी आपल्या सगळ्यात नवीन सिस्टरला, दिव्याला, पुढे केलं आणि स्वतः दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहिल्या. तीस वर्षं ज्या हातांनी काम केलं, ते आवरणं किती जड गेलं असेल! दिव्या घाबरली होती, पण तिने एकही पायरी गाळली नाही. नमुना उत्तम आला. ते सांगायला मी वॉर्डात गेलो, तर सोमारी दिव्यालाच विचारत होती, “झालं? मले तं समजलंच नाई.”

सिस्टर, मला विचाराल तर हाच तुमचा सत्कार. तो सोमवारीच झाला, आजचा हार नुसता वरून घातलेला. तुम्ही बिनघोर घरी जा, वॉर्ड आम्ही सांभाळू.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, मी सर्वांचा ऋणी आहे. भरात काही अधिक-उणं बोललो असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला.