जास्तीचे मार्क

दिंडोरीच्या एस्टीच्या रांगेत लताबाईंच्या पुढं मायलेकी उभ्या होत्या. लेक कॉलेजातली, माय चिडलेली.

"कमी पडले म्हणून लोकं पेपर परत तपासायला देतात. तू जास्त पडले म्हणून दिला?"

"गणितात ब्याऐंशी, आई! सर भर वर्गात म्हणाले, तुमच्या वस्तीतल्या पोरीला एवढे पडतात होय? काहीतरी चूक असणार."

"आन् तुला खरं वाटलं? खुरपं बाजूला ठेवून बांधावर गणितं कुणी सोडवली, त्या सरानं?"

लेक रांगेत एक पाऊल पुढं सरकली.

"बोल की! काय निघालं तपासून?"

"चूक निघाली."

लताबाईंनी पिशवी घट्ट धरली.

"कसली चूक?" मायनं विचारलं.

"बेरजेत तीन मार्क धरायचे राहिले होते. पंच्याऐंशी झाले."

"मग? आता तरी पटलं?"

"आई, अजून एकदा तपासायला देऊ का?"