मंडईचा व्हिसा

साकोलीच्या स्टँडवर राखी लाखांदूरच्या गाडीची वाट पाहत होती, पण कान मागच्या बाकावर होते. तिथे गावच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी आणि तिथल्या रात्रीच्या नाटकासाठी, कॅनडाहून आलेला चंद्रकुमार आणि त्याला घ्यायला आलेले केवळरामकाका बसले होते.

"आपल्या गावच्या मंडईले कोणी व्हिसा काढून येते का बे?"

"मी आलो ना, काका! तिकडचा नागरिक झालो म्हणून पेढे वाटले, अन् मंग आपला पासपोर्ट परत करा लागला."

"कॅनडावाल्याइनं मांगला?"

"नाही. ते म्हणे, दोन्ही ठेव. आपलाच देश म्हणे, एकच ठेव. विमानतळावर सवयीनं आपल्यावाल्या लायनीत घुसलो, तं मले गोऱ्याइच्या मांगं उभं केलं."

"अन् नाटकातला तुहा फौजीचा पार्ट?"

"तोंडपाठ हाये. 'मरेन, पण ही माती सोडणार नाही!'"

"तोच तं घोळ झाला. पोट्टे आतापासूनच हासून राहिले. तो पार्ट श्रावणले देला."

"बरं केलं. मले मेलेल्या फौजीचा द्या. त्याले बोला नाही लागत."

"नाराज नको होऊ. पत्रिकेत पयलं नाव तुहंच हाये."

"कलाकाराइत?"

"नाही गा. पाहुण्याइत."