तळ दिसणारं पाणी

...नाही रे ब्रायन, ऑगस्टमध्ये ग्रीसला जायचंच नाही. ऊन असं की आपला मे महिना बरा वाटेल, आणि अर्धा युरोप तिथेच उतरलेला. सप्टेंबर धर. लग्न मेमध्ये म्हणून काय झालं — हनिमून काय नासतोय थोडाच? ज्युलिएटला सांग, लुसीआन्टी म्हणाली सप्टेंबर. पाणी पण तेव्हा कोमट असतं, उन्हाळाभर तापलेलं. व्हिसाची तारीख मात्र आत्ताच घ्यायची, ती मिळेपर्यंत माणूस म्हातारा होतो. आणि बेटावरून परतलास की शेवटचा दिवस अथेन्समध्ये मोकळा ठेव — वारा सुटला की बोटी बंद, आणि विमान काही थांबत नाही कुणासाठी. हे सगळं तुझ्या सेबेस्टियनअंकलचं ज्ञान हं, माझं नाही. चर्चच्या सहली तोच न्यायचा, मी इथे ऑफिसात फोन उचलायची. आता नुसती त्याच्या खुर्चीत बसते.

खायला? सुकेळी ने, आपली वाळवलेली केळी, भरपूर ने. सुके बोंबील नको — हसतोस काय, मागे एकीने नेले होते, खोलीत तळले, हॉटेलवाल्याला वाटलं गटार फुटलं, अख्खा मजला खाली उतरवला त्याने! रबरी बूट घे दोघांना. तिथे वाळू कमी, गोटे जास्त. खुर्ची आणि छत्रीचे पैसे पडतात, बसायच्या आधी विचारायचं. भरती-ओहोटी? ती विसरच. इथे ओहोटी लागली की आपण चालत सुटतो, तिथे पाणी सकाळी जिथे, संध्याकाळी तिथेच. आणि विमा. स्वस्तातला नाही, नीट वाचून घ्यायचा — आजारपण, सामान हरवणं, आणि अगदी शेवटी असतं ते, माणसाला परत आणण्याचं. हो, गेलेल्या माणसाला. तोंड काय वाकडं करतोस, लिहिलेलंच असतं. नाहीतर मग वकिलातीत खेटे घाल, दुभाषा शोध, आणि जस्ताची पेटी लागते, लाकडाची विमानात घेत नाहीत. मला तरी कुठे माहीत होतं... असो. चहा मागवू?

कुठला? तो भिंतीवरचा धक्क्याचा फोटो? तो नाही. इकडे बघ, हे बेट बघ, पांढरी घरं, छान आहे — अरे, हाच आवडला म्हणजे काय, ती जागा मी देत नाही. कुणालाच देत नाही. मग फोटो कशाला लावलाय? सेबेस्टियनने काढलाय म्हणून लावलाय. त्याच सकाळी काढला होता. कुठल्या म्हणजे? स्टीवनने, तुझ्या बापाने, सांगितलं नाही तुला? पेटीला खांदा दिला होता त्याने.

समुद्रात गेला एवढंच सांगितलं असेल. तेवढंच ठाऊक आहे सगळ्यांना. ग्रुप रोमहून परत धाडला आणि आम्ही दोघं पुढे ग्रीसला गेलो — आयुष्यात पहिल्यांदा मला कुठे घेऊन गेला होता. पोहता येत नव्हतं त्याला. तू आत्ता म्हणालास ना, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहीन — अगदी तेच म्हणाला होता. आपल्याला पाणी ठाऊक ते कसलं रे? किनाऱ्याचं मातकट, नाहीतर वाडीतल्या तळ्याचं, बावखलातलं हिरवं. तळ दिसला तर गुडघाभर, नाही दिसला तर मागे फिर — हे काय शिकावं लागतं का आपल्याला? पायातच असतं. तिथे धक्क्याला दगडी पायरी होती. खाली गोटे दिसत होते, हात घालून उचलावे असे. चष्मा काढून माझ्या हातात दिला, म्हणाला, 'बघ लुसी, पाणीच नाहीये.' आणि उतरला. बसमधून उतरतात ना, तसा.

मला तो दिसत होता. पूर्ण वेळ. हे मी... आपल्याकडे बुडणारा दिसत नाही, पाणी झाकतं त्याला. तिथलं पाणी झाकत नाही काही. हात हलत होते, सदरा फुगला होता — मला वाटलं, खाली वाकून शिंपले शोधतोय. मी हसले सुद्धा. शेजारच्या खुर्चीतल्या बाईला खूण करून दाखवलं, बघा म्हटलं याचं काय चाललंय. ओरडली ती. मी नाही.

नको, पाणी नको मला. बस. काय म्हणालास, भाडं उद्या वाढेल? वाढू दे. ज्युलिएटला पोहता येतं? नाही. तुला नाही. मग आधी शिका दोघं, सप्टेंबर लांब आहे. तोवर मी तिकीट काढणार नाही. मोबाईलवर काढशील? काढ ना, तिथे तुला कुणी काही विचारणार नाही — पासपोर्टला हात लावू नकोस, ब्रायन. राहू दे इथे. शिकलास की ने. बापाला सांगायचं तर सांग, येऊ दे भांडायला. जा आता. आणि हे बघ, ज्युलिएटला यातलं काही बोलू नकोस — नाही. बोल. तिला बोल. काठावर तीच बसणार आहे. जा, दार लोटून घे.