अर्जावरचा इंग्रजी शेरा

उमरग्याच्या एस.टी. स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक मास्तर म्हाताऱ्या महालिंगप्पांना त्यांचा परत आलेला अर्ज वाचून दाखवत होते.

"साहेबांनी इंग्रजीत एकच शब्द लिहिलाय, अप्पा. फॅन्सिफुल."

"म्हंजी?"

"मनोराज्य. हवेतले इमले."

"आनखी?"

"कल्पनेच्या भराऱ्या. तुमच्या उर्दूत खयाली पुलाव."

"दगड आमी वाहतो, म्हनून लिवलं हुतं. ओढ्यावर पूल मागनं हवेतला इमला व्हय? निजामाच्या वक्ताला उर्दूत न्हाय म्हनले, आता इंग्रजीत!"

"हळू बोला, अप्पा. लोक ऐकतायत."

"ऐकू द्या! अडलेल्या सुनंला दवाखान्यात न्यायला निघालो, तर ओढ्याला पूर. पानी उतरंल, उतरंल म्हनत दिसभर काठावर बसलो. गाडीतच गेली ती. मनोराज्य ते हुतं, मास्तर!"