गॅस संपलाय म्हणे

(डिचोली. घरासमोर उभा जुना टिपर ट्रक, इंजिन चालू. मेकॅनिक महेश पुढची जाळी उघडून वाकला आहे. घरची सून, सिद्धेशची बायको योगिता त्याच्याजवळ. सासू चंद्रभागा पायरीवर.)

योगिता: नाहीच ना लागला? पंखा तर फिरतोय की. वारा मात्र भट्टीसारखा.

महेश: पंख्याचं सोडा वहिनी, त्याची लाइन वेगळी. इकडे बघा. ही पुली फिरतेय ना? तिच्या तोंडावरची ताटली बघा. ए.सी.चं बटण दाबलं की ती ‘टक्’ करून पुलीला चिकटली पाहिजे. मग कॉम्प्रेसर फिरणार, मग थंड हवा. ही ढिम्म हलत नाही.

चंद्रभागा: गॅस संपललो आसतलो रे. सिद्धेशाचो बापूस ताच सांगायचो.

योगिता: आई, गॅस परवाच म्हापशात भरून आणला.

महेश: मीटर लावून मीही बघितलं, काकी. गॅस भरपूर आहे.

चंद्रभागा: मगे ऱ्हवांदे तसोच. टिपरात कोण थंडगार बसान जाता? लिलावात ह्यो टिपर घेतलो तेव्हा लोक माझ्या घोवाक ‘थंडोगार काशिनाथ’ म्हणान चिडवीत. ए.सी. गेलो आनी चिडवणा गेला. खिडकी उघडी टाकून खाणीचो माल व्हायल्यान तेणा, काय बिघाडला?

योगिता: मामंजी खोकून खोकून गेले, आणखी काय बिघडायचं?

चंद्रभागा: तोंड सांभाळ गो.

योगिता: सांभाळते. पण डॉक्टरांनी सिद्धेशच्या छातीचा फोटो तुमच्यासमोरच उजेडात धरला होता ना? धुळीत काच उघडी टाकून चालवायचं नाही, म्हणाले. आणि काच बंद करून ए.सी. नसला तर मे महिन्यात माणूस आत शिजेल. उद्या मोप्याला विमानतळाच्या मातीची पहिली खेप. आज ए.सी. लागला तर जाईल. नाहीतर चावी माझ्याकडेच राहणार.

चंद्रभागा: चावी तुझी काय गो?

योगिता: नवरा माझा आहे.

महेश: भांडा मागीर. आधी मला बघू द्या. ताटलीला बॅटरीवरनं सरळ वायर लावतो... ऐकलंत? टक्! चिकटली!

योगिता: अगंबाई! म्हणजे चांगला आहे की!

महेश: एकदम ठणठणीत. करंटच पोचत नाही, एवढंच. बटणाकडे येणारी वायर कुठेतरी तुटलीय. डॅशबोर्ड खोलतो. काकी, देवीची तसबीर काढावी लागेल हां.

चंद्रभागा: सातेरी ती. पाया पड आनी काढ.

महेश: पडलो... अरे! काकी, हा तसबिरीपुढचा लाल दिवा कोणी बसवला?

चंद्रभागा: माझ्या भावान, सदाशिवान. तुये गावचो. जत्रेक लायटिंगा करता तो. गणेशचवथीक इललो. पावसात खाणी बंद, टिपर दारातच. मीच तेका दिवो लावूक सांगललंय.

योगिता: कशाला?

चंद्रभागा: सगळे टिपर लाल धुळीन माखलले. तिनसांजेक दारात उभी ऱ्हवलंय तरी आपलो खंयचो ता कळा नाय. दिवो झालो आनी वळणारसूनच वळखूक येवक लागलो. दिवो दिसलो की माझो भात चुलीर.

महेश: आणि ए.सी. कधी बंद पडला?

चंद्रभागा: त्याच वर्सा. दसऱ्याक खाणी सुरू झाल्यो, बटाण दाबल्यान, तर वारो गरम. गॅसवालो म्हणालो, गॅस गेलो. भरलो, तरीय तसोच. मगे कोणाक येळ? खेपा चालू.
...काय रे? असो कित्या बघतस माझ्याकडे?

महेश: काही नाही.

योगिता: महेशभाऊ, सांगा.

महेश: बटणाकडे जाणारी वायर मधेच कापलीय. ती वळवून दिव्याला जोडलीय. किल्ली फिरवली की दिवा लागणार. ए.सी.ला काहीच नाही. गॅस कधी संपलाच नव्हता, काकी.

चंद्रभागा: नाय. परत बघ.

महेश: बघितलं.

चंद्रभागा: परत बघ म्हणतंय!

महेश: काकी... हीच वायर.

योगिता: आई, खाली बसा. पाणी आणू?

चंद्रभागा: पाणी नको. गो योगिता, म्हणजे माझ्या दिव्यान? मी हयसून हात जोडी, सुखरूप इलो म्हणान. आनी तो थंय तोंडाक टुवाल बांधून...

योगिता: तुम्हाला काय ठाऊक होतं? मामाला तरी ठाऊक होतं का?

महेश: सदाशिवमामा मांडवाचा वायरमन. मिळेल त्या तारेला दिवा जोडायची सवय. गाडीतलं त्याला काय कळणार?... थांबा. वहिनी, हे बघा जरा. जोड काळ्या टेपचा आहे. वरून हे पांढरं काय गुंडाळलंय? ही टेप नव्हे.

योगिता: हे दवाखान्यातलं प्लास्टर. सुई टोचल्यावर लावतात ते.

चंद्रभागा: आण हय. हातात दी माझ्या.

योगिता: आई?

चंद्रभागा: तेचाच ह्या. हॉस्पिटलातसून घेवन येय आनी सगळ्याक लावी. चष्म्याच्या दांडयेक, रेडियोक, माझ्या छत्रयेक.

महेश: म्हणजे हा जोड काकांनी उघडला होता. बघितला. आणि परत बांधून ठेवला.

योगिता: आजारी पडल्यावर? तेव्हा तर खाणी बंद झाल्या होत्या.

चंद्रभागा: होय. टिपर हयच उभो. दनपारभर आत बसान आसायचो. मी समजलंय, झोपता. एक दिस भायर इलो तो तोंड पांढराफटक. मी इचारलंय, काय झाला? तर म्हणालो, ‘काय नाय गो. गॅस संपलो हेचो.’

महेश: पुन्हा जोडायला पाच मिनिटं लागली नसती त्यांना.

योगिता: आणि आईंनी विचारलं असतं, इतक्या वर्षांनी लागला कसा? तेव्हा काय सांगणार होते?

चंद्रभागा: माका म्हणालो, ‘माझ्या पाठी ए.सी. खोलू नकात, उगीच खर्च.’ आनी मी हसलंय गो. तोंडार म्हटलंय तेका, मरताना तरी कद्रूपणा सोड.

महेश: काकी... काय करू मी आता? दिवा काढू?

चंद्रभागा: काढ. फोडून टाक.

योगिता: नाही. महेशभाऊ, दिव्याला दुसरी वायर द्या. मामंजींनी जपला, तो मी फोडू देणार नाही. आणि उद्या तिन्हीसांजेला मलाही दारात उभं राहायचंय.

महेश: देतो. दोन्ही चालतील. हे इकडे... आणि हे असं. वहिनी, दाबा बटण.

योगिता: दाबलं... टक्! आई, ऐकलंत? दिवापण लागला. इथे हात धरा, थंड येतंय!

चंद्रभागा: सरक. माका वर चढूक दी.

योगिता: पायरी उंच आहे, खांदा धरा माझा. कुठे बसता?

चंद्रभागा: तेच्या सीटीर.

महेश: बसा काकी. सावकाश. लागतंय का गार?

चंद्रभागा: लागता रे.

योगिता: आई, रडू नका ना.

चंद्रभागा: ती काच वर घे गो. धूळ येता भितर.